साडेचार अँपिअर

कुताइसीच्या बाजाराखाली, भुयारी वाटेत
नुग्झारच्या टेबलाला एक पाय कमी आहे,
तिथे विटा.

त्सिउरी चार्जर पुढे ठेवते. मुलाचा.
पोलंडला जाताना तो विसरून गेलेला.
"माझ्या लॅपटॉपवर सव्वातीन अँपिअर आहे,
यावर साडेचार. जाळून टाकेल ना?"

नुग्झार भिंग डोळ्याला लावतो.
आधी व्होल्ट. साडेएकोणीस, दोन्हीकडे.
मग ते इवलंसं चित्र:
अधिक आत, उणे बाहेर,
इथंही, तिथंही.

"व्होल्ट नेमकेच हवेत, बाई.
अँपिअर म्हणजे हौदात आहे किती, एवढंच.
लॅपटॉप त्याच्या तहानेपुरतं ओढतो,
हौद काही त्याच्या अंगावर येत नाही.
दोनचा आणला असतात
तर हाच बिचारा तापून तापून मेला असता."

नारिंगी दिवा लागतो.
अर्धा तास ती तिथंच, स्टुलावर.
मधूनच अडॅप्टरवर तळहात टेकवते.
कोमट.
"ताप नाही," म्हणते,
नुग्झारला नाही, कुणालाच नाही.

किती द्यायचे?
"नुसतं वाचायचे मी घेत नाही."

ती मूठभर अक्रोड ठेवते.
टेबल कलतं. दोन घरंगळतात,
विटांपाशी थांबतात.