आधी बस, मग सांगते

लघुवाद न्यायालयाच्या नकला विभागात
सतरा वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं टंकतो.
एकदा एका भाडेकरूच्या अर्जाच्या मधोमध
माझ्याच बोटांचं निघालं:
‘प्रतिवादी यांनी समुद्र घडी घालून ठेवला.’
डोळे उघडे होते म्हणे. हात चालू होता.
साहेबांनी मेमो दिला.
कुंभकर्ण हे नाव पाटकरांनी त्याआधीच दिलेलं.

आई म्हणायची, रक्त कमी आहे.
वडील म्हणायचे, लाज कमी आहे.
सोळाव्या वर्षापासून एकेचाळिसाव्यापर्यंत
घरात ही दोनच निदानं.

परळच्या त्या खोलीत डिमेलो सिस्टरनी
डोक्याला वायरी चिकटवल्या.
रात्रभर झोपा. आणि उद्या दिवसा,
दर दोन तासांनी, पुन्हा झोपा. पाच वेळा.
आयुष्यात पहिल्यांदा माझ्या झोपेची हजेरी लागत होती.
चार मिनिटं. तीन. दोन.
डोळा लागला की थेट स्वप्न,
ओसरी नाही, उंबरठा नाही, एकदम माजघर.
‘पास झालात हो,’ सिस्टर म्हणाल्या,
मी हसलो
आणि मान छातीवर, जबडा लोंबता.
हातपाय गळणे हा वाक्प्रचार
शब्दशः फरशीवर.
शुद्ध होती. त्यांच्या बुटाची सुटलेली नाडी दिसत होती,
सांगता येत नव्हतं.

डॉक्टर कपाडियांनी पेन्सिलीने मेंदू काढला,
तळाशी एक टिंब.
इथल्या काही हजार पेशी जागेपण सांभाळतात.
तुमच्या गेल्या.
कुणी नेल्या?
बहुधा तुमच्याच पहारेकऱ्यांनी, चोर समजून.
बहुधा, हा शब्द त्यांनी तीनदा वापरला.
त्यामुळेच माझा विश्वास बसला.

सकाळची गोळी दुपारपर्यंत धरून ठेवते,
टिंब काही भरत नाही.
पेशी परत आणणं अजून कुणाला जमलेलं नाही.
पण त्या जे रसायन सोडायच्या
त्याची नक्कल करणारं औषध येतंय,
चाचण्या चालू आहेत, आकडे बरे आहेत,
यकृताकडे लक्ष ठेवावं लागेल, किंमत विचारू नका.
मूळ प्रत गहाळ असेल
तर नकलेवर काम भागतं,
हे मला कुणी शिकवायला नको.
अर्ज केलाय. तारीख पडेल.

तोवर माहीमच्या स्वयंपाकघरात
रेवती बाजारातून येते,
पिशवी ओट्यावर, पदराने गळा पुसत.
कोळणीचं काहीतरी ऐकून आलेली असते,
अर्धं हसू जिन्यातच सुटलेलं.
पायाने स्टूल माझ्याकडे सरकवते.
आधी बस, म्हणते.
मग सांगते.