पीळ

माझगावच्या सुक्या गोदीत 'शेवंती' टग
पोट उघडं टाकून बसलीय,
तिच्या शाफ्टचे दोन तुकडे ताडपत्रीवर.
बघा मॅडम, म्हणत होडेकर चिंधीने
तुटकी बाजू पुसतात,
हलक्या हाताने, पोराचं नाक पुसावं तशी.

पंचेचाळीस अंशांत तुटलाय.
आडवा नाही, उभा नाही,
धुणं पिळताना पडते ती तिरकी रेघ.
आणि तुटीवर लाटांच्या खुणा,
एकीत एक, एकीत एक,
ओहोटीने वाळूवर सोडाव्यात तशा.
मी भिंग लावून मागे मागे चालत जाते
त्या इवल्या किनाऱ्यावरून
आणि पोचते चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात.
नखाएवढा काळा डाग.
इथून सुरुवात,
कुणालाच काही ऐकू येत नव्हतं तेव्हाची.

शाफ्ट फिरताना दिसतो. त्याचं पिळणं दिसत नाही.
पिस्टन काही एकसारखे ढकलत नाहीत,
प्रत्येक स्फोट एक धक्का.
इंजिनाकडचं टोक हिसका घेतं, पंख्याकडचं रेंगाळतं,
मधलं लोखंड कणभर पिळतं, सुटतं, उलटं पिळतं,
मिनिटाला हजारदा.
वर ब्रिजवरचा चहा डचमळतही नाही.
आणि मधे एक जागा असते, गाठ म्हणतो आम्ही,
तिथे काहीच हलत नाही.
सगळ्यात जास्त ताण तिथेच.
हे मी कॉलेजात फळ्यावरून उतरवून घेतलं होतं.
परीक्षेत दहापैकी नऊ.

होडेकरांचं शास्त्र वेगळं.
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर,
मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले.
बाणकोटचे. वडील आगबोटीवर कोळसा ओढायचे.
"रमजानच्या आधीपासून गप्प झाल्ती ही," ते म्हणतात,
"मी साहेबाला बोललो. साहेब बोलला,
गप्प आहे ना? मग बरंच आहे."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
लोखंडाचं उलटं.
पीळ येतो, जातो, येतो, जातो,
मागे काही ठेवत नाही असं वाटतं,
आणि एका सकाळी जाताना
सुंभही घेऊन जातो.

मग मी फेऱ्यांचं घड्याळ बघते.
तीनशे चाळीस ते तीनशे नव्वद:
इथे थांबू नये, झटकन ओलांडावं,
असा लाल पट्टा हवा काचेवर.
काच कोरी. लख्ख.
"जुनी तडकली. दोन वर्षं झाली. नवी मीच बसवली."
लाल कुणी रंगवलाच नाही.
आणि कप्तान घरत गाळाचे तराफे ओढताना
नेमके तीनशे साठवर ठेवायचे,
डिझेल वाचतं म्हणून.
दोन वर्षं, भाऊच्या धक्क्यापासून बाहेरच्या पाण्यापर्यंत,
रिकामे, भरलेले, रिकामे,
त्याच पन्नास फेऱ्यांच्या आत.

फाईल उघडते. गेल्या वर्षीची तपासणी:
'फेऱ्यांचं घड्याळ, ठीक.'
खाली सही.
लांब शेपटीचा र. घाईतला.
त्या दिवशी मला आणखी दोन बोटी करायच्या होत्या.

होडेकरांनी पाहिलं असावं.
जरा वेळ आम्ही दोघंही
काहीच हललो नाही.

नव्या शाफ्टला अडीच महिने.
दुसऱ्या दिवशी ते शर्टाच्या खिशातून
सुनेची नखं रंगवायची बाटली काढतात.
"स्टोअरचा रंग डिझेलने उडतो. हा नाय उडत."
चष्मा कपाळावर, जीभ दातांत,
तीनशे चाळीसपासून
एक एक आकडा, श्वास धरून.
तीनशे ऐंशीला बाटली संपते.
ते उलटी करून ठोकतात, उजेडात धरतात.
"दहा राह्यले," म्हणतात. "उद्या दुसरी आणतो.
रंग थोडा वेगळा असेल, चालंल ना?"

चालेल, म्हणते मी,
आणि वहीत लिहून ठेवते: दहा बाकी.
यावेळी सावकाश, र नीट काढून.