मिठाची गुळणी

बाबा फोनवर विचारतात, आज किती निघालं?
कालामाच्या तांब्याच्या खाणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस,
त्यांना हिशेब टनांतच कळतो.
मी सांगते, अक्षरं. शहाऐंशी लाख.
ते हसतात, मग खोकतात,
किंवा आधी खोकतात. इथे अंतोफागास्तात
नीट ऐकू येत नाही.

माती आणली होती पासिएन्सियाहून.
शोऱ्याची जुनी वसाहत. नावाचा अर्थ धीर,
आता तिथे तेवढाच उरलाय.
छपरं लोकांनी नेली, रूळ भंगारात गेले,
स्मशानात पत्र्याची फुलं वाऱ्यावर वाजत असतात
(खऱ्या फुलांना पाणी कुणी घालायचं?)
आणि कुंपणाशी बुटक्या क्रूसांची एक ओळ.
रोसेंदा. वय एक वर्ष चार महिने. १९११.
पुढची सहा त्याच आठवड्यातली.
घसे धरले होते म्हणे सगळ्यांचे.
यानीराने चमचा पुसला,
ओळीपासून बारा पावलं मोजली,
आणि दारात ताटकळल्यासारखी
थोडा वेळ नुसतीच उभी राहिली.
मग दोन चमचे.

त्यातून उगवली ती.
खडूच्या भुकटीसारखी पांढरी, वास बिटाच्या सालीचा.
तिचा जीनोम प्रोग्रामने रात्रभर वाचला,
एकतीस ठिकाणी रंग भरून दिले.
तीस ओळखीचे:
हे आजोबांच्या काळातच कुणीतरी शोधलेलं,
हे तर आमच्याच फळीवर, तिसऱ्या बाटलीत.
गेलं अख्खं वर्ष असंच गेलं,
खणायचं, धुवायचं, आणि हातात तेच जुनं नाणं.
एकोणिसाव्यापुढे मात्र लिहिलं होतं
साम्य: शून्य टक्के.
मी उठून चहा केला. प्यायले नाही.

कारण जनुकं सगळी जागच्या जागी,
एक अक्षर गाळलेलं नाही,
पण बाई बोलेल तर शपथ!
ओट्सची पेज दिली, सोयाबीनचं पीठ दिलं,
ग्लिसरीन पाजलं, उपाशी ठेवलं,
ऊन दाखवलं, थंडीत कुडकुडवलं.
पाच महिने.
मिठागरात जन्मलेली ती,
तोंडात मिठाची गुळणी धरून बसली.

मग यानीराला तो दुसरा आठवला,
त्याच चमच्यातला, पिवळट,
जो आम्ही घाण म्हणून बाजूला काढला होता.
एकाच थाळीत दोघांना ठेवलं,
मध्ये बोटभर जागा.
नवव्या दिवशी त्या जागेत
कुणी ओल्या फडक्याने काच पुसावी तशी
एक स्वच्छ पट्टी.
पिवळा तिथवर येऊन थबकलेला.
पट्टीतला रस आम्ही दवाखान्यातल्या त्या जंतूवर टाकला
ज्याने सात औषधं पचवून ढेकर दिला होता.
चौदा मिलिमीटरचं वर्तुळ.
यानीराने पट्टी तीनदा लावली,
तिन्ही वेळा चौदा.

बाबांना सगळं सांगितलं. क्रूसांसकट.
म्हणजे शेजारी आल्यावर तोंड उघडलं तर!
तुझी आई अशीच होती.
औषध झालं का मग?
नाही. अजून चांगल्या पेशीही मारतंय,
मूत्रपिंडाच्या. वर्षं लागतील, कदाचित
काहीच होणार नाही.
पण निघालं किती?
शून्य पूर्णांक चार मिलिग्रॅम.

फोनमध्ये वारा होता, किंवा त्यांची छाती.
मला वाटलं, आता हसतील.
त्यांनी विचारलं,
त्या पोरीला सांगून आलीस?
कुठल्या?
तीच. एक वर्ष चार महिने.