झडती

केतकीनं पैसे पाठवून आठ दिवस झाले.
लग्नाची पस्तीस वर्षं, कुठंतरी जा म्हणाली, दोन रात्री,
आणि दोन ठिकाणं धाडली फोनवर.
तेव्हापासून जेलरोडच्या आमच्या दोन खोल्यांत
एक समुद्र आहे, एक द्राक्षबाग,
आणि दोघांत मिळून एकच जवळचा चष्मा.

गिरणाऱ्याच्या पुढं, धरणाच्या फुगवट्याला
पगारांचं गेस्ट हाउस. चारच खोल्या.
खोल्यांना नंबर नाहीत, नावं आहेत:
सोनाका, थॉमसन, शरद, माणिक चमन.
फोन पगारांनी स्वतःच उचलला.
चहात आलं की गवती चहा?
आणि दोघांपैकी घोरतं कोण?
मी म्हणालो, मी.
मग शरद घ्या, म्हणाले, तिच्या भिंती जाड आहेत.

समुद्राकाठच्या हॉटेलात एक बाई बोलली. गोड.
ॲडल्ट्स किती, एवढंच विचारलं.
खिडकीत समुद्र हवा असेल तर साडेचार हजार वर.
फोटोत पोहायचा तलाव थेट समुद्राला भिडलेला,
जसं काही पाण्याला पाणी कमी पडत होतं.

मी पगारांच्या बाजूचा.
कारणं दिली: पैसे उरतील, तासाभराचा रस्ता,
तुझे गुडघे, माझं पोट.
शैलजा मटार सोलत होती.
शेंगेतली अळी बाजूला काढत म्हणाली,
"समुद्र मी एकदाच पाहिलाय. दादांना केईएमला नेलं तेव्हा,
टॅक्सीतून, सिग्नल सुटेपर्यंत.
मला तो रात्रीचा ऐकायचाय. आडवं पडून."

मी तरी पगारांना विचारलं, पाण्याचा आवाज येतो का?
"नाही हो," ते म्हणाले. "धरण मुकं असतं."

मग खरं कारण निघालं.
हॉटेलच्या फोटोत, अगदी कडेला,
गेटवर एक रिकामी चौकट आहे,
शेजारी काळ्या कपड्यांतला माणूस, हातात तो पीं करणारा दांडा.

चौतीस वर्षं मी प्रेसमध्ये ताव मोजले,
शाई ओली असतानाचे पैसे पाहिले,
आणि रोज सुटताना हात वर केले.
खिसे. कंबर. चपला.
डबा उघडून, उरलेल्या पोळीची घडी उलगडून.
एकदा तर तुझ्या भाजीतलं तमालपत्रसुद्धा
उजेडात धरून पाहिलं.
चोर कुणी म्हणालं नाही.
नुसतं रोज संध्याकाळी
मी चोर नाही याची खात्री करून घेतली.
अजून बँकेच्या दारात हात आपसूक उठतात,
तू हसतेस, मीही हसतो.
पण पैसे मोजून, लग्नाच्या वाढदिवसाला, नको शैलू.

ती काही बोलली नाही.
कुकरची एक शिट्टी झाली. मग दुसरी, अर्धवट.
हात पदराला पुसून ती उठली
आणि ओट्यापाशी दोन्ही हात पसरून उभी राहिली.
डाव्या हाताचा धक्का लागून मिठाची बरणी कलंडली.
"असं?"
"जरा वर," मी म्हणालो.
"तिथं पुढं मी होईन," हात तसेच ठेवून ती म्हणाली,
"माझी कुणी कधी झडती घेतली नाही.
बघू तरी, रोज काय घेऊन घरी येत होतास."

मीठ भरून झाल्यावर पगारांना फोन लावला, नाही म्हणायला.
त्यांनी समुद्राचं सगळं ऐकून घेतलं.
"जाऊन या की," म्हणाले, "द्राक्षं मार्चअखेरपर्यंत आहेत."
आणि जरा थांबून,
"घोरायला मात्र इकडंच या."