ठिपका दिसला की

एल्विन आरमारात गेला, जाताना एवढं शिकवून गेला:
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका दिसला
की दुसऱ्या यंत्राची मोटर चालू कर.
पुन्हा दिसला की झडप पाड. मधे सात सेकंद.
बाकी सिनेमा नाही बघितलास तरी चालेल.

त्रेचाळीसचा मार्च. मेन राज्यातलं बाथ.
गोदीतली दुसरी पाळी मध्यरात्री सुटते,
म्हणून आमचा शेवटचा खेळ एक वाजता.
डोक्याला रुमाल बांधलेल्या वेल्डर बायका येतात,
भुवयांत काजळी, मांडीवर रिकामे डबे,
आणि मिठातल्या मक्याच्या लाह्या, कारण साखर रेशनवर.

या आठवड्यात बदकाचा सिनेमा.
लोणचेवाल्या कोट्यधीशाची पोर
तिसरं लग्न मोडून हॉटेलात लपते,
टोपीच्या खोक्यात जिवंत बदक.
दारावरचा खिळा निखळतो, सहाचा नऊ होतो,
आणि एक बापडा विमा एजंट
हॉटेलच्या पोऱ्याच्या गणवेशात अडकतो.
त्याची पितळी बटणं बदक मक्याचे दाणे समजून टोचतं.
बोलतात दोघं असे की लाह्याच तडतडाव्यात;
एकाचं वाक्य खाली टेकायच्या आत
दुसऱ्याचं त्याच्या खांद्यावर.
मला मात्र काचेच्या चौकोनातून नुसते ओठ दिसतात.
इथे कार्बनच्या कांड्या फुसफुसतात.
मी सिनेमा हशांवरून ओळखते.

युद्ध त्यात कुठेच नाही.
मोटारी उधळतात, टायरची कुणाला फिकीर नाही.
निव्वळ पोरकटपणा, एल्विन म्हणायचा. मीही म्हणायचे.
पण अकरा वेळा बघितल्यावर दिसतं,
हा गोंधळ किती मोजून घातलाय.
दार उघडतं, फुलदाणी पडते, ती वळते:
अर्धं सेकंद इकडेतिकडे झालं
तर सांधा उघडा पडेल, पाणी आत येईल.
खालच्या बायकांना हे सांगायला नको.

तिसऱ्या रांगेत कडेला ओदील गान्यों.
फेब्रुवारीत तिच्याकडे तार आली.
रोज तिकीट काढते, कोट न उतरवता बसते.
बदकाला हसत नाही. फुलदाणीला नाही.

गुरुवारी, शेवटाकडे,
सगळी धावपळ ओसरलेली, स्टेशन रिकामं,
विमा एजंट बाकाखाली आपली टोपी शोधतो.
टोपी डोक्यावरच आहे.
इथे कुणी हसत नाही. ही जागा हशाची नाहीच.
ओदील हसली.
रिकाम्या घरात भांडं पडावं तशी, एकदाच.
मग तोंडावर हात. मग पुन्हा.

ठिपका आला असणार. दुसराही.
पडदा पांढरा फटक पडला.
शिट्ट्या, आपटणारे बूट, माझ्या नावाने शंख,
आणि त्या पांढऱ्या उजेडात तिचे हलणारे खांदे.
हसत होती की काय, वरून कळत नाही.

एल्विनला पत्रात लिहिलं: एकदा चुकले.
कारण नाही लिहिलं.
टोपीचं मात्र सगळं लिहिलं.