पाच आधी, मग वीस

लॅमिंग्टन रोडला, कपॅसिटर विकणाऱ्या दुकानाच्या वर,
तिसऱ्या मजल्यावर आमचं टेबल.
टेबलावर पाच बोर्ड, उघडेवाघडे, टेबलफॅनच्या तोंडाशी.
प्रत्येकाचं नाव झुबिननं चिकटपट्टीवर लिहिलंय,
कारण प्रोसेसरांची खरी नावं
रात्री दोननंतर कुणाच्या जिभेवर बसत नाहीत.
शेवटच्याचं नाव काकाजी.
कुठल्याशा जुन्या राउटरमधून उपटलेला,
खालच्याच दुकानात तीनशे रुपयांना मिळाला.
बाइट उलटे वाचतो. म्हणजे आमच्या लेखी उलटे,
त्याला विचाराल तर आम्ही.

मी लिंकर लिहिते.
काय करतो तो, असं कुणी विचारलं की अडखळते.
प्रोग्रॅम झोपेतून उठतो तेव्हा
त्याला नावं माहीत असतात, पत्ते नसतात.
मधे कुणीतरी उभं राहून
नाव ऐकायचं, पत्ता काढायचा,
जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं.
तेही पहिली हाक येईपर्यंत नाही.
निम्म्या नावांना जन्मात कुणी हाक मारत नाही.

"म्हणजे ट्रंक कॉल," आई म्हणाली,
आणि चष्म्याची तुटकी काडी पुन्हा चिकटवायला लागली.
एकवीस वर्षं ती एक्स्चेंजच्या बोर्डासमोर बसली,
डाव्या हातात दोरी, उजव्यात पेन्सिल.
साताऱ्याचं मरण, मालवणचं बारसं
तिच्या बोटांतून पलीकडे गेलं.
ती ऐकायची नाही.
निदान सांगते तरी तसं.

बिल्ड आम्ही रात्री लावतो.
सोर्स एक, चुली पाच.
आपल्या मशीनवर बसून
परक्या मशीनच्या तोंडचं रांधायचं,
चव मात्र घेता येत नाही.
टॅबच्या जागी स्पेस पडली,
त्यात झुबिनचा अख्खा गुरुवार गेला.
चार बोर्ड उठले, चौघांनी नमस्कार छापला.
काकाजी पहिल्याच हाकेला आडवा.
अकरा रात्री.
मी लिंकरची ओळ न् ओळ उसवली,
बाइट उलटायचे तिथे सगळीकडे उलटवले होते.
पत्ता बरोबर होता,
त्यावर गेलं की घरच नव्हतं.

रविवारी चेंबूरला आईनं गॅसचा नंबर सांगितला.
शेवटी पंचवीस.
मी लिहिले बावन्न.
ती हसली नाही. म्हणाली,
"नव्या मुली हेच करायच्या.
गिऱ्हाईक म्हणतं पंचवीस, कानाला पाच आधी लागतो,
हात लगेच धावतो.
मी सांगायचे, पाच ऐकलास ना, धरून ठेव,
वीस येऊ दे, मग लिही.
आणि चूक कानात शोधू नका गं,
आधी चिठ्ठी कुणी लिहिली ते बघा."

चिठ्ठी.
पत्त्यांचा तक्ता लिंकर लिहीतच नाही.
तो लिहितो बिल्डमधला एक बारका प्रोग्रॅम,
दोन वर्षांपूर्वी मीच घाईत खरडलेला.
तो चालतो इथे, आमच्या मशीनवर,
आणि इथल्याच सवयीनं
काकाजीसाठी बावन्न लिहून ठेवतो.

सोमवारी रात्री चार ओळी बदलल्या.
झुबिन बोर्डांच्या रिकाम्या खोक्यावर डोकं ठेवून झोपला होता.
चार वाजून दहा मिनिटांनी
काकाजीनं नमस्कार छापला,
न अक्षर थोडं तुटकं,
आणि राहवलं नाही म्हणून मी आईला फोन लावला.
दुसऱ्या रिंगला उचलला.
"नंबर?" ती झोपेत म्हणाली.
मी म्हटलं, पंचवीस.
"कुठला पंचवीस? नीट सांगा,"
मग जागी होऊन, "काय गं, काय झालं?"

मी सांगायला लागले, तेवढ्यात मागे
काकाजी पुन्हा पडला.
पण वेगळ्या ओळीवर,
आजवर कधी न पाहिलेल्या चुकीवर.
मी आईला म्हटलं,
चांगलं झालं गं, खूप चांगलं झालं.