चौथा रकाना

तीस वर्षं कारखान्याच्या काट्यावर बसलो.
ट्रॉली आली की आधी टायर बघायचो, मग आकडा.
उसाच्या मुलखात शेताला
दुसरं काही विचारत नाहीत:
एकरी किती टन?

निवृत्त झालो, आणि पन्हाळ्याच्या उतारावरच्या
मुरमाड तुकड्यात आस्कंद लावला. तीन वाफे.
पहिल्याला युरिया, सवयीनं,
उसाला टाकतात तसा, मूठ सैल सोडून.
दुसऱ्यात सिद्धू गावड्याची मेंढरं बसवली,
दोन रात्री, शिधा आणि चहापत्तीवर.
तिसरा राहून गेला.
गुडघा दुखत होता, एवढंच.

पौषात पहिला वाफा कमरेला लागला.
लोक मोटरसायकल थांबवून विचारायचे,
"काय घातलंसा?"
मी नुसता हसायचो, गुपित असल्यासारखा.

फळं लाल झाली तशी उपटणी केली.
सून शैलजानं मुळं धुतली, ताडपत्रीवर वाळवली,
तीन पोत्यांवर खडूनं एक, दोन, तीन लिहिलं.

लक्ष्मीपुरीत बाळगोंडा मगदुमांच्या दुकानी
पोतं काट्यावर टाकणार,
तर म्हणाले, थांबा.
पहिल्यातलं मूळ काढून वाकवलं.
वाकलं. मोडेना.
धाग्यांना धरून लोंबत राहिलं.
"पाल्यानंच खाल्लंय की ओ सगळं.
मुळाला काय ठेवलंच न्हाई."

दुसऱ्यातलं कानाजवळ नेलं.
कट्.
आत पांढरं, पिठूळ.
स्वतःच्या नाकाशी धरलं, मग माझ्या:

रंकाळ्याच्या काठी टांगा उभा,
तोबऱ्यात तोंड घातलेलं घोडं,
त्याची घामेजली मान,
आणि वडिलांच्या खांद्यावरून
तिला हात लावणारा मी.

तिसऱ्यातली मुळं सुतळीएवढी.
वास तिन्हींत उग्र.
"पण कुटू काय ह्यात?" मगदूम म्हणाले,
आणि तरीही चार काड्या
शर्टाच्या खिशात टाकल्या.

रात्री वही काढली.
वाफा, खत, किलो.
पट्टीनं चौथा रकाना आखला,
वर लिहिलं: वास.
खाली काय भरायचं ते कळेना.
तीस वर्षांत पहिल्यांदा
पेन उघडं ठेवून बसलो.

मग सिद्धूला फोन लावला,
कळप कुठं आहे म्हणून.
चिकोडीकडं, म्हणाला.
मागं कुत्री भुंकत होती.
"पाऊस संपला की येतो.
गुडघा काय म्हणतोय?"